मागून येणारी खुर्ची

माझा धाकटा भाऊ तिशीला आला, तरी त्याला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. तो अगदी लहान असताना नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, याच्या काळजाला भोक आहे, याला धावू-पळू देऊ नका, थोडा मोठा झाला की पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवायला कुणी गेलं नाही. बाबांना वाटायचं, नेलं तर चिरफाड सांगतील आणि पोरगं टेबलावरून उठणार नाही. त्यापेक्षा घरात आहे तसं राहू दे. डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'पुन्हा दाखवा' हळूहळू सगळे विसरले. 'पळू देऊ नका' तेवढं राहिलं.

तो जन्मापासूनच वेगळा होता. डोळे थोडे वर ओढलेले, जीभ जाड, बोलणं आम्हा घरच्यांशिवाय कुणाला उमगायचं नाही. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. गावात त्याला 'साधा' म्हणत, आणि तसं म्हणण्यात कुणाच्या मनात वाईट नसायचं. आमचं गाव पांढरकवड्यापासून थोडं आत आहे. फाट्यावर एसटी थांबते, तिथून गाव दिसतं. गावाच्या पलीकडे नाला, नाल्यापलीकडे शेतांकडे जाणारी पांदण, आणि पांदणीच्या टोकाला आमचं वावर. मी एसटीत कंडक्टर आहे. आई गेली तेव्हा मी यवतमाळला होते. घरात बाबा आणि धाकटा दोघंच उरले म्हणून बदली मागून पांढरकवडा डेपोत आले आणि लग्नाचं वगैरे काही मधे नसल्यामुळे सरळ घरी राहायला गेले.

सुट्टीत येणं वेगळं आणि रोज पाहणं वेगळं. धाकटा सकाळी उठायचा, ओट्यावरच्या बाजेवर येऊन बसायचा, तिथंच चहा, तिथंच न्याहारी, तिथंच जेवण. दुपारी तिथंच आडवा. बाबा त्याला आंघोळ घालायचे, पाणी हातात आणून द्यायचे, तो उठायला लागला की धावत जाऊन काखेत हात घालायचे. त्याचं अंग सुटलं होतं. शर्टाची बटणं लागत नव्हती. पायांवर सूज होती. ओट्यावरून न्हाणीपर्यंत जाऊन आला की भिंत धरून उभा राहायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा.

एका सकाळी तो न्हाणीची पायरी चढता चढता थांबला. चौकट दोन्ही हातांनी धरली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात सोडत नव्हता. मी विचारलं, काय होतंय, तर त्याला बोलताच येईना. ओठ निळे पडलेत की मलाच तसे दिसताहेत, कळेना. बाबांनी त्याला उचलल्यासारखं करून बाजेवर आणलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? म्हणून म्हणतो, याले चालवत नको जाऊ."

"बाबा, हा चालला कुठं? न्हाणीत तं गेलता."

"तेवढंही नाई होत त्याच्यानं आता."

"कायनं होत नाई? काळजानं का बसून बसून?"

बाबा त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. ही त्यांची जुनी सवय. काळजाचे ठोके हाताला लागले की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरायचा. त्या दिवशी बराच वेळ उतरला नाही.

यवतमाळला न्यायचं ठरवलं तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जायच्या दिवशी मात्र धुतलेलं धोतर नेसून माझ्याआधी तयार होऊन बसले. हृदयाची सोनोग्राफी करतात त्या खोलीत अंधार होता. धाकटा आडवा, त्याच्या छातीवर थंड जेल, त्याच्या मुठीत माझं बोट. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी फडफडत होतं. बाबा कोपऱ्यात उभे होते, हळूच म्हणाले, "ते हलून राह्यलं, ते याचंच हाये काय?"

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. मग दिवा लावून त्यांनी सांगितलं, "छिद्र नाहीये. लहान असेल तेव्हा, आपोआप बुजलं. पुष्कळ मुलांचं बुजतं. हृदय ठीक आहे."

"मंग धाप?" बाबांनी विचारलं.

"वजन, काका. आणि रक्त तपासू, मला थायरॉईडची शंका आहे. अशा मुलांना तो त्रास बरेचदा असतो. पण मुख्य म्हणजे याला हालचाल नाही. स्नायूंना सवयच नाही. रोज चालवा. हळूहळू वाढवा. कोलांटी, उलट्या उड्या असलं काही करू देऊ नका, यांची मान नाजूक असते. चक्कर आली, छातीत दुखलं, ओठ निळे दिसले तर लगेच थांबवा आणि घेऊन या. पण चालवा."

बाबा जागचे हलले नाहीत. "लिहून देता काय, याले काई होणार नाई म्हणून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं कुणाबद्दलच लिहून देता येत नाही, काका. तुमच्याबद्दलही नाही."

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. धाकटा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. मला वाटलं, इतक्या वर्षांचं ओझं उतरलंय, म्हणून ते गप्प आहेत. उतरताना ते म्हणाले, "त्या मशीनले काय समजते? नागपूरच्या डाक्टरनं कानानं ऐकलं होतं." तेव्हा कळलं की घरी गेल्यावर खरं सुरू होणार आहे.

रक्ताच्या तपासणीत थायरॉईडच निघाला. गोळी सुरू झाली. गोळी बाबांना मान्य होती. ते स्वतः सकाळी उठून उपाशीपोटी द्यायचे. चालणं मान्य नव्हतं.

आणि खुद्द धाकट्यालाही नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्याला दाराबाहेर आणलं आणि तो खाली बसला. रस्त्यावर मांडी घालून. मी ओढलं तर हात सोडवून घेतला. राग आला की तो ओरडत नाही, फक्त जड होतो. शेजारणी पाहायला लागल्या. बाबा ओट्यावरून म्हणाले, "तमाशा करतं काय पोराचा?" आणि त्याला उठवून आत घेऊन गेले. असं पुष्कळ दिवस चाललं. सकाळची ड्युटी असली की मी संध्याकाळी प्रयत्न करायची, संध्याकाळची असली की सकाळी. मी ड्युटीवर गेले की बाबा म्हणत, आज थकला आहे, निजू दे.

त्याचे पाय सपाट होते, तळव्याला खोलगट भागच नाही. चपलेचा अंगठा त्याला रुतायचा आणि तो कधी सांगायचा नाही. हे मला त्याचे पाय धुताना दिसलं. बोटांच्या बेचक्यात कातडं सोललेलं. मी पांढरकवड्याहून रुंद, पट्ट्यांचे बूट आणले. बूट घातल्यावर तो दारात बसला नाही, उभा राहिला. पण पुढे काही जाईना.

मग आठवलं, एकदा तो माझ्या गाडीत बसून फाट्यापर्यंत आला होता तेव्हा मी त्याला घंटीची दोरी ओढू दिली होती. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. हा एक खेळ त्याला पक्का समजला होता. मी सायकलची एक घंटी आणून त्याच्या शर्टाला बांधली. तो ड्रायव्हरही आणि कंडक्टरही. विजेचा प्रत्येक खांब म्हणजे स्टॉप. त्यानंच दोन वेळा वाजवायची, चालायचं, खांबाशी आलं की एकदा वाजवायची, थांबायचं, खांबाला हात लावायचा, कुणी चढलंय का ते मागे वळून पाहायचं. पुढे निघायचं की नाही ते तोच ठरवणार. पहिल्या दिवशी आम्ही एका स्टॉपपर्यंत गेलो. खांबाला हात लावून तो इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता बसणार. त्यानं दोन घंट्या वाजवल्या. पण तोंड घराकडे होतं. हरकत नाही म्हटलं. गाडी परतीचीही असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मागे पावलं ऐकू यायला लागली. वळून पाहिलं तर बाबा. हातात प्लास्टिकची लाल खुर्ची, काखेत पाण्याची बाटली. आमच्यापासून थोडं अंतर ठेवून येत होते.

"बाबा, हे काय?"

"काई नाई. तुमी चाला."

"खुर्ची कायले?"

"त्याले दम लागला तं बसाले."

आणि धाकट्यानं खुर्ची पाहिली की संपलं. तो तडक मागे जायचा आणि बसायचा. बाबा त्याच्या छातीवर हात ठेवून उभे राहायचे, ठोके मोजल्यासारखे. मग तो उठायचा नाही. मी चिडायची. एकदा रस्त्यातच बोलले, "बाबा, खुर्ची घरी ठेवा. ती दिसली की हा बसते."

"खुर्ची येईन."

"मंग मी नाई नेत याले."

"नको नेऊ." बाबांचा आवाज चढला. "तू डुटीवर जाशीन, माह्या हातात मेला तं मी कोणाले तोंड दाखवू? तुही माय जातावक्ती हेच बोलली मले. याले जप म्हणे. दुसरं काई बोलली नाई."

मला आईचं ते बोलणं माहीत नव्हतं. धाकटा आमच्या दोघांकडे आलटून पालटून पाहत होता. आवाज चढले की त्याचे हात कानांवर जायचे. तसे गेले. बाबांनी खुर्ची उचलली आणि आम्ही तिघंही घरी आलो.

तडजोड कुणी सांगून झाली नाही. बाबा खुर्ची घेऊन येतच राहिले, पण अंतर वाढवलं. खुर्ची डोक्यावर पालथी घालायचे, म्हणजे धाकट्याला ती खुर्ची वाटायची नाही. गावातले लोक हसायचे. बाबा कुणाकडे पाहायचे नाहीत, त्यांची नजर धाकट्याच्या पाठीवर असायची. तो जरा झपाझप चालायला लागला की मागून आवाज यायचा, "धीरे! राजा, पळू नको!" आणि तो जागच्या जागी उभा राहायचा. ते वाक्य त्यानं बाळपणापासून ऐकलेलं. घंटीचं मानायचा कधी कधी, माझं मानायचा मन असेल तर, पण बाबांचं 'पळू नको' ऐकलं की पाऊल हवेत असलं तरी खाली ठेवायचा.

दसरा गेला, दिवाळी गेली. आम्ही खांब संपवून नाल्यापर्यंत पोचलो. नाल्यानंतर खांब नव्हते. मग बाभळी स्टॉप झाल्या. त्याची सूज उतरली होती. न्हाणीतून आल्यावर भिंत धरत नव्हता. बाबांनी हे पाहिलं असणारच, कारण आंघोळ तेच घालायचे, पण ते तसं बोलले नाहीत. मला आतून सारखी धास्ती असायची. बाबांशी भांडताना मी डॉक्टरांचं नाव पुढे करायची, पण पांदणीत तो जोरजोरानं श्वास घ्यायला लागला की मीही त्याचे ओठ पाहायची. ते जांभळट तर नाहीत? थंडीनं असतील? माझी सावली पडलीय म्हणून? मशीन चुकलं असेल तर? या सगळ्याला जबाबदार मी असणार होते, आणि बाबांनी तोंडातून एक शब्द काढला नसता तरी मला ते आयुष्यभर पुरलं असतं.

त्या सकाळी मला सुट्टी होती. कापूस फुटला होता, आमच्या वावरात बाया वेचायला आल्या होत्या, आणि मी ठरवलं होतं की आज धाकट्याला वावरापर्यंत न्यायचं. बैल होते तेव्हा बाबा त्याला बैलबंडीत बसवून न्यायचे. बैल विकल्यापासून त्यानं वावर पाहिलं नव्हतं.

पांदण अरुंद आहे. एका अंगाला काट्यांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची तूर, माणसाच्या डोक्यावर गेलेली. वळण घेतलं की पलीकडचं दिसत नाही. धाकटा पुढे होता. एक बाभूळ झाली, दुसरी झाली. तो घंटी वाजवत होता आणि आपल्याशीच काही बोलत होता. त्याच्या मागे मी. माझ्या बऱ्याच मागे बाबा, डोक्यावर खुर्ची.

तुरीत माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी डबा बडवत होतं, कुत्री भुंकत होती. मी थांबले. आमच्याकडे असा आवाज आला की लोक आधी वाघाचं मनात आणतात. टिपेश्वरचं जंगल लांब नाही. पण माणसं हाकलत होती, म्हणजे रानडुकरं असणार. रात्री तुरीत शिरलेली, सकाळी उठवलेली. मी धाकट्याला हाक मारली, "इकडे ये, मागं ये." त्यानं वळून पाहिलं.

तेवढ्यात त्याच्या पुढच्या वळणावर तूर फाटल्यासारखी झाली आणि डुक्कर पांदणीत आलं. मोठं होतं. पाठीवरचे केस उभे. मागे कुत्री, दोन्ही बाजूंना जागा नाही, आणि समोर आम्ही. ते क्षणभरही थांबलं नाही. आमच्याच दिशेनं सुटलं.

धाकट्यानं ते पाहिलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला आणि तो माझ्याकडे यायला लागला. चालणं आणि पळणं याच्यामधलं काहीतरी.

मागून बाबा ओरडले, "पळू नको! राजा, पळू नको!"

आणि तो थांबला.

मी आजही सांगू शकत नाही की बाबांना डुक्कर दिसलं होतं का. वळणाचा भाग त्यांच्या जागेवरून दिसत असेल-नसेल. त्यांना त्याची पाठ, त्याचे हलणारे खांदे दिसले असतील, आणि तोंडातून रोजचं वाक्य गेलं. धाकटा पांदणीच्या मधोमध उभा होता. हात अंगाशी, मान खाली. डुकराच्या खुरांचा आवाज जमिनीतून माझ्या पायांना लागत होता.

"पळ!" मी किंचाळले. "पळ, राजा, पळ!"

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो मान उचलून माझ्यावरून पलीकडे, बाबांकडे पाहत होता. मी त्याच्याकडे धावले, पण अंतर होतं, आणि त्याला ओढायला गेले तर तो जड होऊन खाली बसेल हे मला ठाऊक होतं. मी मागे वळून ओरडले, "बाबा, तुमी सांगा! तुमी सांगा त्याले!"

बाबा खुर्ची डोक्यावरून उतरवून हातात धरून उभे होते. आता त्यांना दिसलं होतं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. किती वेळ, कुणास ठाऊक. डोळ्याची पापणी लवते तेवढाच असेल. मग त्यांच्या छातीतून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"पळ! पळ रे माह्या राजा! पळ!"

आणि तो पळाला.

त्याला पळता येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. हात बाजूला पसरलेले, गुडघे एकमेकांना लागताहेत, बूट जमिनीवर फटाफट आपटताहेत, घंटी आपोआप वाजतेय. पण तो पळत होता. माझ्या अंगावरून गेला. मी कुंपणाच्या काट्यांत अंग घातलं. त्याच्या मागोमाग डुक्कर माझ्या गुडघ्याला घासून गेलं, त्याचा ओला, उग्र वास आला. बाबा मधोमध होते. खुर्चीचे पाय पुढे करून, वाकून. धाकटा त्यांना ओलांडून पलीकडे गेला तेव्हा त्यांनी खुर्ची खाली टेकवली. डुक्कर खुर्चीवर आदळलं, प्लास्टिक तडकल्याचा आवाज झाला, बाबा आडवे झाले, आणि ते जनावर कुंपणाच्या एका फटीतून पलीकडे निघून गेलं. कुत्री त्याच्या मागे.

बाबा उठले आणि आधी धाकट्याकडे गेले. तो थोडं पुढे जाऊन पांदणीत पालथा पडला होता. आम्ही त्याला उताणा केलं. त्याचं तोंड लालभडक, ओठांना माती लागलेली, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. बाबांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. मीही ठेवला, त्यांच्या हातावर. ठोके इतके जोरात होते की आमचे दोन्ही हात हलत होते. मी पदरानं त्याचे ओठ पुसले. खालचा रंग पाहायची मला हिंमत होईना. पाहिला. लाल होता.

ठोके हळू होण्याची वाट पाहत बसलो. तुरीतून माणसं आली, कुणी पाणी दिलं, कुणी काही विचारत होतं. बाबांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. त्यांना ऐकायचं होतं. बराच वेळ गेला. धाकट्याचा श्वास खाली आला. त्यानं डोळे उघडले, बाबांकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाला, "मी पलालो." चूक झाली, रागावू नका, असा सूर.

"हो रे," बाबा म्हणाले. "पळाला तू. चांगला पळाला."

मग त्यांना स्वतःचा हात दिसला. डावं मनगट सुजून वाकडं झालं होतं.

परत जायला गाडी नव्हती, पांदणीत येऊही शकली नसती. बाबांना मी एका बाजूनं धरलं. दुसरी बाजू धाकट्यानं धरली. त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं बाबांच्या काखेत हात घातला, बाबा त्याच्या घालायचे तसाच, आणि नाल्यापर्यंत, नाल्यापासून खांबांच्या रस्त्यानं घरापर्यंत, कुठंही न थांबता आला. मी सारखी त्याच्या श्वासाकडे कान लावून होते. बाबाही होते.

बाबांच्या हाताला प्लास्टर लागलं. पडताना कंबरही लचकली होती, त्यामुळे काही आठवडे त्यांना चालायला येता आलं नाही, आंघोळही घालता आली नाही. धाकटा स्वतः आंघोळ करायला लागला. अर्धा साबण न्हाणीत सांडायचा, पण करायचा. आम्ही दोघं रोज वावरात जायचो. बाबा ओट्यावर उभे राहून आम्ही दिसेनासे होईपर्यंत पाहायचे आणि परत येईपर्यंत तिथंच असायचे, हे शेजारीण सांगायची. धाकटा कापूस वेचायला शिकला. बोंडातला कापूस काढताना पालाही घ्यायचा, बाया वैतागायच्या. त्यातला पाला बाबा एका हातानं काढत बसायचे.

आता घरात वेगळीच धास्ती आली. त्याला पळायला आवडायला लागलं. पांदणीत पळायचा, अंगणात पळायचा, आणि एक दिवस एकटाच फाट्यावर आला, माझी गाडी दिसली तेव्हा गाडीच्या बाजूनं पळायला लागला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला, गाडीतली माणसं पुढे आदळली. मी खाली उतरले आणि त्याला रस्त्याच्या कडेला घेतलं. तो माझ्याकडे पाहून हसत होता, त्याला वाटलं मी खूश होईन. घरी मी बाबांना म्हटलं, "आता बंद करा. त्याले फाट्यावर नका येऊ देऊ."

मला वाटलं, बाबा म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बंद कायले? शिकवतो त्याले." आणि प्लास्टर निघाल्यावर रोज त्याला घेऊन फाट्यावर जायला लागले. रस्त्यापासून मागे एक दगड होता. गाडी येताना दिसली की दगडामागे उभं राहायचं, गाडी थांबली, दार उघडलं, ताई खाली उतरली, की मग यायचं आणि चढायचं. रोज तेच. ट्रकसाठी तेच, सायकलसाठी तेच, गायीसाठीही तेच. बाबांना तसं शिकवताना मी पाहिलेलं नाही, कारण मी तेव्हा ड्युटीवर असायची. मला फक्त शेवटी काय होतं ते दिसायचं, आणि ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी गाडी फाट्याजवळ येताना मी दारात उभी होते.

दोघं दगडामागे उभे होते. धाकटा पुढे झुकलेला, टाचा उचललेल्या. बाबांचे ओठ हलत होते, पण त्यांनी त्याला धरलेलं नव्हतं. हात पाठीमागे बांधलेले. गाडी हळू झाली. समोरून एक ट्रक भरधाव येत होता. धाकट्यानं ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. ट्रक गेला, धूळ उठली, धुळीत मला काही दिसेना.

धूळ बसली. तो तिथंच होता.

गाडी थांबली. मी खाली उतरले. बाबा काहीतरी म्हणाले आणि धाकटा निघाला. दाराशी येऊन त्यानं आधी बाबांना वर चढायला हात दिला, मग स्वतः चढला, आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा पकडून बसला. ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, "निघू काय, ताई?"

"थांबा जरा," मी म्हटलं. मला अजून श्वास घ्यायचा होता.